चार बावन्नची ओहोटी

नकाशात ही रेघ मळ्याच्या झरीपाशी संपते.
पाणी संपत नाही तिथे.
त्याने नकाशा वाचलेला नाही.

अमावास्या. चार बावन्नला खाडी तळाला जाईल,
उतरायचं तर तेव्हाच. म्हणून साडेतीनला रस्त्यावर आम्ही तिघं:
मी, महापालिकेची वही आणि विजेरी घेऊन,
यमनाप्पा, कमरेला दोर,
आणि इनास फुर्तादो, निवृत्तीला अकरा वर्षं झालेला,
ज्याला देण्यासाठी माझ्याकडे थर्मासातला चहा आहे,
हुद्दा नाही.

तीन झाकणं उघडली.
आधी वायूचं यंत्र सोडलं आत, ते दोनदा किंचाळलं.
मग वाट पाहणं.
कोपऱ्यावरच्या पोदेराने भट्टी उघडली
आणि उंड्याचा वास त्या दुसऱ्या वासात
न लाजता येऊन बसला.

तेवढ्या वेळात इनास पहार घेऊन डांबरावरून चालला,
दर पावलाला एक ठोका.
ठक. ठक. ठक.
बंद पडलेल्या शिंप्याच्या दुकानापुढे आवाज बदलला,
पिकल्या फणसावर थाप मारावी तसा.
‘हांगा वळटा तें, बाय.’
माझ्या नकाशात तिथे काहीच नव्हतं,
कागदाची घडी सोडून.

यंत्र गप्प झाल्यावर यमनाप्पा उतरला.
त्याचा आवाज वर येईपर्यंत ओला व्हायचा:
चिऱ्याची कमान, शाबूत. चुना दोन हातांवर सुटलाय.
वडाचं मूळ, मनगटाएवढं.
कुणाची तरी केबल, कमानीच्या छातीतून आरपार,
आणि तिला अडकून
नारळाची सोडणं, थर्माकोलचा अर्धा मखर,
झाकणावर नाव लिहिलेली डब्याची पिशवी:
आर्या, तिसरी ब.
उंची नव्वद सेंटिमीटर. गाळ बासष्ट.
मी वजाबाकी केली. अठ्ठावीस.
जुलैतली सगळी आल्तिनोची टेकडी
या अठ्ठावीसमधून जायची आहे.

तोंडाशी, खाडीवर, लोखंडी झडप
उघडीच गोठलेली, बिजागरीवर कालवं वाढलेली.
म्हणजे दर भरतीला खाडी आत येत होती
आणि आम्ही पावसाला शिव्या देत होतो
फाइलीत, तीन प्रतींत.

छिन्नी, रॉकेल, मग नुसताच हातोडा.
इनास गुडघ्यापर्यंत चिखलात, पँट दुमडायला विसरलेला,
सांगत होता, बाप चोडणच्या खाजनात मानशीवर होता,
रात्री निजेतही पाण्याची वेळ ओळखायचा.
मी डिचोलीच्या शाळेत शिकले, मानस म्हणजे मन.
त्याच्या घरी मानस म्हणजे लाकडी दार,
भरतीच्या दाबाने मिटणारं,
ओहोटीला आपणहून उघडणारं.
मला माझ्या मनाबद्दल असं काही
खात्रीने लिहिता आलं नसतं.

पाच चाळीसला पाणी फिरलं.
आधी काड्या थांबल्या,
मग उलट्या निघाल्या.
यमनाप्पाने झडपेला खांदा लावला.
‘सोड,’ इनास म्हणाला, ‘उदकाक करूं दी.’
आम्ही सोडलं.
झडप थरथरली, कुरकुरली, अर्ध्यात अडली,
पुन्हा एक लाट,
आणि मिटली. जवळजवळ.
फटीत इनासची दोन बोटं मावत होती.

वहीत बोटांचा रकाना नाही.
मी पस्तीस मिलिमीटर लिहिलं.
निकड: तातडीची, मध्यम, किरकोळ.
तातडीचीवर खूण केली, गेल्या वर्षीसारखीच,
त्याच शाईने बहुधा.

मग नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला
आणि पेन्सिल इनासला दिली.
झरीपासून शिंप्याच्या दुकानाखालून
खाडीपर्यंत त्याने रेघ ओढली.
त्याचा हात कापत होता, रेघही.
कार्यालयात कुणी ती पट्टीने सरळ करील.
मी खाली पेनने लिहून ठेवलं:
सरळ करू नये.
आत असंच आहे.

यमनाप्पा नळावर पाय धूत होता, बराच वेळ.
त्याने विचारलं, पुढची अमावास्या कधी,
आणि त्या दिवशी
हातमोज्यांची दुसरी जोडी मिळेल का.